उपाशीपोटी

पालशेतच्या चढावर लागला तो दिवा,
मंगळवारी, पावणेनऊला.
पिवळा. तोटी मोडलेल्या झारीचं चित्र काढावं तसा.
गाडी मात्र काहीच बोलली नाही.
आवाज तोच, ओढ तीच,
मोडकाआगरचा पूल नेहमीसारखाच मागे पडला.

मागच्या सीटवर थर्माकोलची पेटी, पट्ट्याने बांधलेली.
तवसाळ, रोहिले, हेदवी, वेळणेश्वर,
सकाळपासून एकोणीस माणसांचं रक्त.
जांभळी टोपणं, लाल टोपणं, साखरेसाठी राखाडी.
बर्फाचं पाणी व्हायच्या आत लॅबला पोचवायचं.
मी नुसता काढणारा, नेणारा.
त्यात काय लिहिलंय ते मला वाचता येत नाही.

नंद्या म्हणाला, काळी टेप लाव,
आमच्या ट्रॅक्सला चार वर्षं लावलीय.
सासरे म्हणाले, पंप बदल.
लॅबमधली वैजयंता म्हणाली, निदान दाखव तरी कुणाला,
आणि ते तिने रिपोर्टवरून नजर न काढता म्हटलं.

मी टेप लावली.
रात्री परतताना कडेने उजेड झिरपायचा,
शेजारच्या खोलीत कुणी जागं असलं की
दाराखालून येतो तसा.

शृंगारतळीला, फरशीच्या दुकानामागे रझाकभाई.
त्यांनी नखाने टेप सोलली.
‘ओरडणाऱ्याच्या तोंडावर हात ठेवलास होय?’
स्टिअरिंगखाली स्कॅनर खुपसला,
वाचलं: पी शून्य एकशे पस्तीस.
म्हटलं, इंजिन गेलं?
‘इंजिन कुठलं जातंय.
धुरात हवा किती उरली ते हुंगणारं एक नाक असतं,
त्याची वायर खाऱ्या वाऱ्याने खाल्ली.
दिवा म्हणजे रोग नव्हे रे.
दिवा म्हणतो, बघा. एवढंच म्हणतो.’

जोडावर हिरवं चढलं होतं,
जुन्या होडीच्या खिळ्यांवर चढतं ते.
त्यांनी घासलं, फुंकलं, पुन्हा घासलं,
आणि बॉनेटखालून वर आले तीन टप्प्यांत:
आधी हात मडगार्डवर, मग कंबर, मग श्वास.
गेल्या वर्षी दोनच टप्पे लागायचे.

म्हटलं, रझाकभाई, एक बाटली द्या ना रक्ताची.
सुई बारीक आहे.
‘मला कुठं दिवा आहे?’
हसले. ते हसणं खोकल्याने अर्ध्यातच नेलं.
माझ्या खिशात टेपची गुंडाळी होती,
तिच्याशी बोटं खेळत राहिली. मी काही बोललो नाही.
दोनशे चाळीस दिले.
‘नवा सेन्सर चिपळूणहून मागवतो.
परत लागला तर घाबरू नको. ये.’

दोन दिवस विझलेला होता.
दोन दिवस मी त्या काळ्या जागेकडेच बघत गाडी चालवली,
आडूरच्या वळणावर एक बकरी थोडक्यात वाचली.
शुक्रवारी हेदवीच्या उतारावर पुन्हा पिवळा.
खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

शनिवारी सकाळी पावणेसातला
गॅरेजचं शटर गुडघ्याएवढं उघडं.
बाहेर स्टुलावर रझाकभाई,
डावी बाही कोपराच्या वर दुमडलेली.
सेन्सर अजून आलेला नव्हता. मी विचारलंही नाही.
‘रात्रीपासून काही खाल्लं नाही.
लवकर कर, चहाची वेळ टळतेय.’

दंडाला पट्टा बांधला.
कापसावर आधी ग्रीस आलं, मग कातडी दिसली.
शीर लगेच सापडली, ते भिंतीकडे बघत राहिले,
जिथे बघण्यासारखं काहीही नव्हतं.

लेबलावर नाव लिहायचं तर मला पूर्ण नावच ठाऊक नाही.
बारा वर्षं गाडी दाखवतोय त्यांना.
‘अब्दुल रझाक इब्राहिम परकार.’
वय?
‘लिही अठ्ठावन्न.’
मी लिहिलं.
त्यांनी बाही खाली केली, बटण लावलं.
‘एकसष्ट,’ म्हणाले.

खोडून लिहिलं.
त्या दिवसाची पहिली बाटली, अजून कोमट,
पेटीत एकटीच उभी केली.
चावी फिरवली.
सगळे दिवे लागले, सगळे विझले,
एक सोडून.